अजून एकच वर्ष

रात्री साडेबाराला ठरवलं, आणखी एकच वर्ष आणि मग झोपायचं. घड्याळाकडे पुन्हा पाहिलं तेव्हा पावणेतीन झाले होते आणि मधे सत्तर वर्षं उलटून गेली होती. चार नव्या वसाहती उभ्या राहिल्या होत्या, एका जुन्या मित्राशी युद्ध जुंपलं होतं, आणि पहिलं 'आणखी एक वर्ष' मी कशासाठी मागून घेतलं होतं ते काही केल्या आठवेना.

हा 'मास्टर ऑफ ओरायन'. १९९३ साली सिमटेक्सने बनवलेला आणि मायक्रोप्रोजने बाजारात आणलेला, डॉस या जुन्या संगणकप्रणालीवरचा गेम. स्टीव्ह बार्सिया हा त्याचा कर्ता. काळ्या पडद्यावर विखुरलेले तारे, आणि त्या ताऱ्यांभोवती आपलं राज्य वसवायचं. सुरुवात २३०० साली. हाताशी एक ग्रह, वसाहतीचं एक जहाज आणि टेहळणीची दोन. इथली एक खेळी म्हणजे एक वर्ष. काय करायचं ते करून झालं की बटण दाबायचं, २३०० चं २३०१ होतं. नाही दाबलं तर नाही होत. शत्रूचं आरमार उंबऱ्याशी येऊन ठेपलेलं असलं तरी तिथेच लटकत राहतं. तुम्ही उठा, फोन घ्या, हवं तर दोन दिवस गावाला जाऊन या. विश्व बिचारं ताटकळत बसतं.

म्हणजे वेळ हवा तेवढा. बाकी मात्र काहीच पुरत नाही. या गेमची सगळी मजा मला या दोन गोष्टींच्या जोडीत वाटते. कसलीही घाई न करता, शांतपणे, टंचाईचा संसार करायचा.

ग्रहावर क्लिक केलं की पाच पट्ट्या दिसतात: जहाजं, संरक्षण, उद्योग, पर्यावरण, तंत्रज्ञान. ग्रहाची जी काही कमाई असेल ती या पाचांत वाटायची. एक पट्टी वाढवली की दुसरी आपोआप आखडते. तोकडं पांघरूण डोक्यावर ओढलं की पाय उघडे, तसला प्रकार. कारखाने वाढवले की कचरा वाढतो. तो साफ केला नाही तर ग्रहावर माणसं कमी मावायला लागतात. पर्यावरणाच्या पट्टीपुढे 'क्लीन' हा शब्द उमटेपर्यंत ती सरकवत न्यायची आणि मग उरलंसुरलं युद्धाला. मी मोठमोठ्या लढाया विसरलोय, पण चुकून ती पट्टी अर्धा बोट मागे राहिली आणि एका चांगल्या ग्रहाचा उकिरडा झाला, ते अजून सलतं.

अंतराचंही तसंच. सुरुवातीला आपली जहाजं जेमतेम ३ पार्सेकपर्यंत जातात (पार्सेक म्हणजे ताऱ्यांमधलं अंतर मोजायचं माप). टेहळणीच्या जहाजात जादा इंधनाच्या टाक्या असतात, म्हणून ती लांबवर जाऊन बघून येतात. बघून काय येतात तर चार पार्सेकवर हिरवागार, ऐसपैस, अगदी घरच्यासारखा ग्रह. आणि वसाहतीच्या जहाजाला तिथपर्यंत जाता येत नाही! मग संशोधनात इंधनावर पैसे ओतायचे. सहा शाखा आहेत, प्रत्येकीपुढे एक दिवा. पैसे पडत जातात तसा तो भरत जातो. पण भरला म्हणजे शोध लागला असं नाही. तिथून पुढे टक्केवारी दिसायला लागते: यंदा शोध लागण्याची शक्यता ६ टक्के, पुढच्या वर्षी ११, त्याच्या पुढच्या वर्षी १७. तोवर त्या हिरव्या ग्रहावर दुसऱ्याच कुणाचा तरी झेंडा लागतो.

त्यात आणखी एक मेख आहे, आणि ती ज्याला सुचली त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो. प्रत्येक डावात निम्म्याच्या आसपास तंत्रज्ञानं तुमच्या यादीतून गायबच असतात. कितीही पैसे ओता, तुमच्या शास्त्रज्ञांना ती सुचणारच नाहीत. कोणती गायब आहेत तेही आधी कळत नाही. पुढची पायरी आली की उमगतं. एका डावात मला ओसाड ग्रहांवर उतरण्याची विद्याच मिळाली नाही. माझ्या भोवती सगळे ओसाड ग्रह. मी दीडशे वर्षं त्यांच्याकडे खिडकीतून बघावं तसा बघत बसलो. मिळवायचे मुख्य मार्ग तीन: कुणाकडून बदल्यात घ्या, हेर पाठवून चोरा, नाहीतर ज्याच्याकडे आहे त्याचा ग्रह जिंकून त्याच्या कारखान्यांतून उचला. मी हेर पाठवले. ते पकडले गेले. मग समोरच्याचा निरोप आला, आणि त्यात सौजन्याचा लवलेश नव्हता.

इथे शेजारी येतात. अंतराळाचा गेम म्हणून आपण बसतो आणि सगळा वेळ शेजाऱ्यांत जातो. एकूण दहा जमाती, एका डावात आपल्याखेरीज जास्तीत जास्त पाच. सायलॉन हे मोठ्या मेंदूचे, संशोधनात कायम दोन पावलं पुढे. क्लॅकॉन म्हणजे कीटक, मान खाली घालून राबणारे. बुलराथी अस्वलं, जमिनीवरच्या हाणामारीत त्यांच्या नादी लागू नये. डार्लोक रूपं बदलतात आणि चोऱ्या करतात. सिलिकॉइड तर चक्क दगड! कुठल्याही नरकात उतरतात, कचऱ्याचं त्यांना काही वाटत नाही, पण वाढतात सावकाश आणि कुणाशी धड बोलत नाहीत. माझा जीव या दगडांवर आहे. त्यांच्या बाजूने खेळलं की ती पर्यावरणाची पट्टी एकदाची विसरता येते.

प्रत्येक राजाला स्वभाव दिलेला आहे. कुणी वचनाला जागणारा, कुणी आक्रमक, कुणाला परक्यांचा तिटकारा. सगळ्यांत वाईट तो लहरी. त्याच्याशी साठ वर्षं गोडीगुलाबी असते आणि एके वर्षी काही कारण नसताना तो करार मोडतो. व्यापाराचे करारही मोठे गमतीचे. सही केल्यावर पहिली काही वर्षं तोटाच होतो, मग हळूहळू फायदा दिसायला लागतो. तो दिसायला लागतो ना लागतो तोच हा लहरी माणूस युद्ध पुकारतो. त्यातच बातम्या देणारा यंत्रमानव पडद्यावर येऊन सांगतो, की तुमच्या अमुक ग्रहावर धूमकेतू आदळणार आहे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

दर पंचवीस वर्षांनी सगळ्यांची सभा भरते. लोकसंख्येच्या प्रमाणात मतं, आणि दोन तृतीयांश मिळाली की तो आकाशगंगेचा सम्राट. गोळी न झाडता डाव जिंकता येतो, हे वाचायला फार छान. प्रत्यक्षात मला तीन मतं कमी पडत होती आणि ज्या अल्कारींना, म्हणजे पक्ष्यांच्या जमातीला, मी पन्नास वर्षं एकेक तंत्रज्ञान भेट देत आलो ते तटस्थ राहिले. विरोधात नाही, तटस्थ! विरोध केला असता तर निदान भांडता आलं असतं.

लढाईतही हात आखडताच. जहाजांचे एका वेळी सहाच नमुने ठेवता येतात. सातवा हवा असेल तर जुन्यांपैकी एक मोडीत काढा, आणि त्या नमुन्याची आहेत नाहीत ती सगळी जहाजं त्याच्याबरोबर जातात. ग्रह जिंकायला वेगळं सैन्य नसतं. आपल्याच ग्रहावरची माणसं जहाजांत भरून पाठवायची. म्हणजे जे लढायला जातात तेच इथे कारखाने चालवत होते. पडले तर पडले, कारखाने ओस. हा हिशोब इतका उघडा मांडलाय की हल्ल्याचं बटण दाबताना दर वेळी हात थोडा रेंगाळतो. मग दाबतोच, हेही खरं.

आणि एकदा निघालेलं जहाज परत बोलावता येत नाही. 'हायपरस्पेस कम्युनिकेशन्स' नावाचं तंत्रज्ञान मिळालं तर येतं, पण ते येईतो अर्धा डाव सरलेला असतो, आणि यादीत असेलच असंही नाही. तोवर सुटलेला बाण. नऊ वर्षांच्या प्रवासाला आरमार पाठवलं आणि तिसऱ्या वर्षी त्याच राजाने मैत्रीचा हात पुढे केला, तरी उरलेली सहा वर्षं ती जहाजं त्याच्याच दिशेने सरकत राहतात. आपण बघत राहायचं.

बाणावरून आठवलं. ओरायन म्हणजे आपलं मृग नक्षत्र. पाश्चात्त्यांच्या कथेत तो शिकारी; आपल्याकडे तो हरीण, शिकारी तो व्याध, आणि मधले तीन तारे म्हणजे हरणाच्या पोटात घुसलेला बाण. गेममधला ओरायन हा प्राचीन लोकांचा सोडून दिलेला ग्रह, सगळ्या आकाशगंगेत सर्वांत समृद्ध, आणि त्याच्यावर एकच पहारेकरी जहाज. नकाशावर ते दिसलं की आपण शिकाऱ्याच्या थाटात पन्नास जहाजं पाठवतो. दोन मिनिटांत आपलं हरीण होतं. आपली गोष्टच या गेमला जास्त लागू पडते.

अॅलन एमरिच या समीक्षकाने याच गेमबद्दल लिहिताना १९९३ मध्ये चार एक्सची कोटी केली आणि पुढे या जातीच्या सगळ्याच गेम्सना 'फोर-एक्स' हे नाव चिकटलं. एक्सप्लोर, एक्सपांड, एक्सप्लॉइट, एक्सटर्मिनेट; म्हणजे शोधा, पसरा, उपसा, संपवा, असे ते चार. शब्द चपखल आहे, पण माझा अनुभव विचाराल तर यातला बराचसा वेळ 'थांबा'मध्ये जातो. १९९६ चा दुसरा भाग बहुतेकांना अधिक प्रिय आहे. त्यात आपली जमात आपणच गुण-दोष निवडून घडवता येते, एकेका ग्रहावर शेतकरी, कामगार, शास्त्रज्ञ वाटता येतात, इमारती बांधता येतात. चांगला आहे. फक्त राज्य वाढलं की मला त्यात सम्राटापेक्षा इमारत-निरीक्षक झाल्यासारखं वाटतं. पाच पट्ट्यांत ते सुख होतं. २००३ चा तिसरा भाग मला मानवला नाही, तेव्हा त्याबद्दल बोलत नाही.

मध्यंतरी जुन्या फायली चाळताना साठवून ठेवलेला एक डाव सापडला. किती वर्षांपूर्वीचा कोण जाणे. उघडला. साल २४१७. पट्ट्या मी सोडल्या होत्या तिथेच, पर्यावरणापुढे व्यवस्थित 'क्लीन'. नकाशाच्या उजव्या अंगाला माझी बेचाळीस जहाजं रिकाम्या जागेत उभी होती, सायलॉनांच्या एका ग्रहाच्या वाटेवर. राजकारणाचा पडदा उघडून पाहिला तर सायलॉनांशी माझा तह. व्यापारही चालू, आणि तोही फायद्यात. मग ही जहाजं कशाला? त्यांच्याकडून दगा होणार असा मला सुगावा लागला होता, की दगा मीच देणार होतो? बराच वेळ इकडेतिकडे क्लिक करून पाहिलं, काही बोध होईना. परत बोलावण्याचं तंत्रज्ञान हाती नव्हतं. पोचायला सहा वर्षं.

बटण दाबलं. पाच.