थंड पानं, तापलेली हवा

यातिर जंगलातल्या मोजमापाच्या टॉवरवर भर दुपारी कुणी हौसेने चढत नाही. इस्रायलच्या नेगेव वाळवंटाच्या उत्तर काठावर १९६४पासून लावलेलं हे जंगल. जवळपास सगळं अलेप्पो पाइन. पाऊस वर्षाला जेमतेम २८० मिलिमीटर, तोही हिवाळ्यात. मी माणदेशातला, आमच्या दुष्काळी गावात याहून जास्त पडतो.

जूनमध्ये वाऱ्याच्या यंत्राची, सोनिक अनिमोमीटरची, केबल बदलायची होती. सोबत नांदेडहून नुकतीच आलेली पीएचडीची विद्यार्थिनी. केबल जोडली, आकडे सुरू झाले. जंगलातून हवेत जाणारी उष्णता: दर चौरस मीटरला ८०० वॉटच्या आसपास.

"दादा, आकडा फारच मोठा येतोय. केबल नीट लागली नाही वाटतं."

केबल ठीक होती. मी तिच्या हातात इन्फ्रारेड थर्मामीटर दिला आणि शेंड्यांवर रोखायला सांगितला. मग खाली उतरून, गाडी काढून जंगलाबाहेरच्या उघड्या माळावर गेलो. खुरटी झुडपं, फिकट माती. तिथली जमीन शेंड्यांपेक्षा कितीतरी तापलेली निघाली.

"म्हणजे जंगल थंड, आणि उष्णताही तेच जास्त सोडतंय?"

हो. आपल्या डोक्यात जंगलाचा गारवा म्हणजे पानांतून उडणारं पाणी. इथे उन्हाळ्यात उडवायला पाणीच नाही. दुपारी पर्णरंध्रं, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी पानांवरची बारीक छिद्रं, जवळजवळ मिटलेली. गाडीच्या रेडिएटरच्या पातळ पत्र्यांतून वारा जातो, तसा तो या विरळ, खडबडीत रानातल्या बारीक सुयांतून जातो आणि उष्णता उचलून नेतो. सुई हवेपेक्षा थोडीशी गरम असली तरी पुरतं. माळावर वाऱ्याला अशी पकड मिळत नाही, म्हणून जमीन तापत राहते.

खरी गंमत पुढे आहे. माळापेक्षा जंगल गडद, त्यामुळे ते ऊन कमी परतवतं. शिवाय अंग थंड, म्हणून आकाशाकडे उत्सर्जित होणारी अवरक्त (इन्फ्रारेड) ऊर्जाही कमी. दोन्हीकडून शिल्लक वाढते, आणि पाणी नसल्याने ती तापलेल्या हवेच्या रूपातच बाहेर पडते. एयाल रोटेनबर्ग आणि दान याकीर या शास्त्रज्ञांनी हा हिशेब २०१०मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. मला तर हा मुद्दा समजायला टॉवरवर घामाघूम व्हावं लागलं. कागदावर तो पटत नव्हता.

परतताना ती गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे झाडं लावून ताप वाढवलाच की."

सुरुवातीला, हो. कार्बन शोषण्यात यातिर युरोपातल्या ओल्या पाइन जंगलांना हार जात नाही, तरी जास्तीच्या उन्हाची भरपाई व्हायला काही दशकं लागतात. दुष्काळी भागात झाडं लावू नयेत असं मी म्हणणार नाही. पण हवा गार होईल असं सांगून कुणी रोपं वाटायला लागलं, की मी आधी विचारतो: उन्हाळ्यात त्यांना पाणी कुठून?

"हे आमच्या गावच्या वृक्षारोपणाला येऊन बोला," ती म्हणाली.