झेपेल तेवढंच दुःख?

आज एका मैत्रिणीकडे भेटायला गेले होते. तिचा तरुण मुलगा गेलाय. एक बाई तिचा हात धरून म्हणाल्या, "देव झेपेल तेवढंच दुःख देतो, बायबलमध्येच लिहिलंय." ती एवढंच म्हणाली, "मला नाही हो झेपत."

असं बायबलमध्ये कुठेच नाही. १ करिंथ १०:१३ मध्ये (करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १०, वचन १३) आहे ते मोहाबद्दल, परीक्षेबद्दल. दुःखाचं माप तिथे कुणी काढलेलं नाही. उलट २ करिंथ १:८ मध्ये ही पत्रं लिहिणारा प्रेषित पौल स्वतःच सांगतो की आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, जगण्याचीही आशा उरली नव्हती. पौलासारखा माणूस हे बोलतो! तिला हे वाचून दाखवणार आहे, कारण आपलाच विश्वास कमी पडला असं तिला वाटू लागलंय.

'जो स्वतःला मदत करतो, त्याला देव मदत करतो' हेही तसंच, बायबलमध्ये नाहीच. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने ते १७३६ च्या पंचांगात छापलं, आणि त्याआधीची मुळं इसापनीतीपर्यंत जातात.

बायबल खरंच उघडलं तर रोमकरांस पत्रात १२:१५ ला साधी आज्ञा आहे: शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्रही आधी सात दिवस त्याच्याजवळ नुसते बसले होते. बोलू लागले आणि त्यालाच दोष देत सुटले.