लाईन गेली त्याचे पाच दिवस आणि मडक्यातली बाटली

आज पाचवा दिवस. शेजारच्या काकाजींच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन 40 टक्के भरला म्हणून आज टाईप करून राहिली, नाहीतर तीन दिवस पोराच्या जुन्या वहीत पेन्सिलनंच चालू होतं. नेटवर्क नाहीच. टॉवरची बॅटरी पहिल्याच रात्री बसली. म्हणजे हे लिहीन आणि कधी टाकीन ते लाईनवाल्यांच्या हातात.

वादळ नवतपाच्या तिसऱ्या दिवशी आलं. संध्याकाळी साडेपाचला पश्चिमेकडून आभाळ आधी काळं नाही, लाल झालं, मातीचं. मी धाब्यावरच्या कुरड्या गोळा करायला धावली, वर्षभराच्या कुरड्या कोण सोडेल, आणि खाली उतरेपर्यंत गोठ्याची चार टिनं उडाली, त्यातलं एक दुसऱ्या दिवशी विहिरीत सापडलं. मग पाणी, मग बोराएवढ्या गारा, आणि या सगळ्यात कधीतरी लाईन गेली. कोणाच्या लक्षात पण नाही आलं, वारा सुटला की लाईन जातेच आमच्याकडे.

सकाळी कळलं की मोठा कडूनिंब 11 केव्हीच्या लाईनवर आडवा झाला आणि पुढे नाल्याकडचे सात सिमेंटचे पोल बुडातून मोडले, तारा गुंतून पऱ्हाटीच्या ढिगावर पडल्या. डिओ, म्हणजे पोलवरचा फ्यूज, उडाला असता तर लाईनमनभाऊनं बांबू घेऊन तासाभरात टाकला असता. पण पोल मोडले म्हणजे पोल आणा, गाडी आणा, खड्डे करा, तारा ओढा, आणि एकट्या त्या माणसाकडे आठ गावं. पारावर नेहमीचं सुरू झालं, वीज बनते विदर्भात, एकट्या चंद्रपूरला 2920 मेगावॅटचा प्लांट, कोराडी आहे, खापरखेडा आहे, आणि अंधारात कोण तर आपण. मला पण आधी तसंच वाटायचं, पण खरं सांगू का, वीज कमी पडलीच नव्हती, ती आमच्या नाल्यापर्यंत आलेली होती. तार तुटली होती. प्लांट घराच्या मागे असता तरी काय फरक पडला असता.

पहिल्या दिवशी मजा वाटली, हे पण लिहून ठेवते. पोट्टे टीव्हीविना बाहेर खेळले, अंगणात बाजा टाकल्या, आकाश धुतल्यासारखं झालं होतं. सासूबाईंनी माळ्यावरचा कंदील काढून काच राखेनं घासून चकचकीत केली, आणि मग आठवलं की रॉकेल कुठे आहे, रेशनवरचं बंद होऊन किती वर्षं झाली. शेवटी वाटीत फल्लीचं तेल टाकून वात लावली. कंदील तसाच खुंटीला लटकून राहिला, स्वच्छ आणि रिकामा.

मजा संपली ती फ्रिज उघडल्यावर. दूध गेलं, कणिक गेली, त्याचं काही नाही. दारात सासूबाईंच्या इन्सुलिनच्या दोन बाटल्या होत्या, एक चालू, एक सीलबंद. घरात सगळ्यात जास्त थंडीची गरज त्याच दोन बाटल्यांना, आणि मला ते दुसऱ्या दिवशी दुपारी सुचलं याची अजून लाज वाटते. आमचे हे म्हणाले तालुक्याहून बर्फ आणतो. मी म्हटलं थांबा, आधी मेडिकलवाल्याला विचारा. त्यानं दोन्ही बाटल्यांसाठी निरोप पाठवला तो असा: बर्फाला अजिबात लावू नका, गोठलं की ते वाया. चालू बाटली महिनाभर बाहेर चालते, पण बाहेर म्हणजे 25-30 अंशांपर्यंत, तुमच्या टिनाखाली नाही. तळहातावर फिरवून बघत जा, गुठळी नाहीतर कण चिकटलेले दिसले तर फेकून द्या. आणि मडकं वापरा.

मग मडकं. मोठ्या मडक्यात चार बोटं रेती, त्यावर लहान गाडगं, दोन्हीच्या मधल्या फटीत परत रेती, आणि त्या रेतीत पाणी. बाटल्या प्लास्टिकच्या डबीत घालून गाडग्यात, वरून ओलं फडकं. हे मी देवघराच्या खिडकीत ठेवलं, तिथं सावली पण आहे आणि हवा पण येते. हवा लागते, कारण पाणी उडालं तरच थंडावा होतो, दार लावून कोपऱ्यात ठेवलं तर नुसतं ओलं मडकं. सासूबाई बघत होत्या, म्हणे, “माहेरी आमी असंच लोणी ठेवत होतो माय, तुले हे शिकवाले मेडिकलवाला लागला?”

पण आत किती थंड आहे ते कळायचं कसं? घरात तापाचं डिजिटल थर्मामीटर होतं. ते गाडग्यात ठेवलं तर पडद्यावर आलं ‘लो’. म्हणजे 32 अंशाच्या खाली आहे, किती खाली ते काही त्याला सांगता येत नाही. दुपारी दोनला तेच थर्मामीटर टिनाखालच्या खोलीत ठेवलं तर ‘हाय’. एका घरात लो आणि हाय, मधे दहा पावलं. मी हसली पण आणि मग दर दोन तासांनी उठून बघायला लागली, रात्री पण. एकदा पहाटे ‘लो’ आलं नाही, 32.4 आलं, तेव्हा घाबरली. वारा पडला होता आणि हवा दमट इतकी की कपडे वाळत नव्हते. पुठ्ठ्यानं मडक्याला वारा घालत बसली अर्धा तास. सासूबाई बाजेवरून म्हणाल्या, “मले घाल ना तो वारा.”

सकाळी उपाशीपोटी शुगर 152. रोजची 140-160 असते. म्हणजे औषध शाबूत.

पाण्याचं वेगळंच. नळयोजना बंद, हापशीचा दांडा गेल्या वर्षीपासून मोडका. गावात एकच जागा अशी जिथं मोटर चालली, वेशीबाहेरच्या एका वावरातला 5 एचपीचा सोलर पंप. ऊन पडलं की पाणी सुरू. सकाळी आठपासून बैलबंड्या, पाण्याचे गुंड, ड्रम, रांग नाल्यापर्यंत. ज्याचं वावर तो माणूस आधी हौसेनं भरू देत होता, तिसऱ्या दिवशी तोंड वाकडं झालं, माझ्या वांग्याला कधी देऊ म्हणे. त्याचं पण चूक नाही.

खरी गंमत गुरुजींच्या घरची. त्यांनी 78,000 सबसिडी मिळून 3 किलोवॅटचं सोलर छतावर बसवलं, गावात पहिलं. वादळात एक पॅनल पण हललं नाही. डोक्यावर 43 अंशाचं ऊन आणि घरात अंधार. लोकांनी इतकं चिडवलं की बिचारे दोन दिवस पारावर आले नाहीत. मला पण वाटलं फसवलं त्यांना कोणीतरी. काल लाईनमनभाऊ पाणी प्यायला थांबले तेव्हा विचारलं, तर म्हणाले, “ताई, थे मुद्दाम बंद होते. लाईन नसली की मशीन आपोआप बंद. नाईतं मी पोलवर चढलेला अन् गुरुजीच्या छतावरून उलटी लाईन तारेत आली तं? बॅटरीवालं असतं तं घरापुरतं चाललं असतं, पण ते महाग पडते.” तीन रात्री झोप नाही त्या माणसाला, डोळे लालबुंद, हाताला जागोजागी खरचटलेलं, आणि समजावून सांगत होता शांतपणे. पारावर शिव्या त्यालाच पडतात. वरच्या कचेरीत फोन कोणी उचलत नाही, मग शिवी समोर दिसेल त्याला. ते पोल पण शेवटी गावातल्या दोन ट्रॅक्टरांनी ओढत नेले, डिझेल वर्गणीचं.

एक सांगायचं राहिलं. परवा रात्री वरच्या पुऱ्यात लाईन आली. त्यांची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, वेगळी, त्यांच्याकडे येणारी लाईनच (फीडर) दुसरी. शंभर पावलांवर बल्ब, कूलर, टीव्हीचा आवाज, आणि आमच्याकडे वात. तीन दिवस सगळ्यांकडे नव्हती तेव्हा काही वाटलं नव्हतं इतकं. त्या रात्री मी कोणाशीच धड बोलली नाही. तिथल्या एका बाईनं सकाळी येऊन विचारलं की बाटल्या माझ्या फ्रिजमध्ये ठेवते का, आणि मी नको म्हटलं. का म्हटलं माहीत नाही. संध्याकाळी सीलबंदवाली नेऊन दिली.

सहावा दिवस

रात्री 2.40 ला आली. बिनपाण्याचा कूलर घरघरला, सगळे बल्ब एकदम, कोणी कधी बटन चालू ठेवलं होतं देव जाणे. गावभर ओरडा. आणि मग सगळ्यांनी एकाच वेळी मोटरा लावल्या, दहा मिनिटांत डीपीकडून फटाका फुटल्यासारखा आवाज, परत अंधार. सकाळी लाईनमनभाऊ फ्यूज बांधून गेले, म्हणे सांगितलं होतं ना एकेकानं लावा.

नऊपासून सुरळीत आहे. फ्रिज सोड्याच्या पाण्यानं पुसला, सीलबंद बाटली परत आणून दारात ठेवली. चालू बाटली काढायला मडक्याजवळ गेली तर सासूबाई म्हणाल्या, “राहू दे तिथंच. थंड हाये ना? लाईनीचं काय सांगता येते.”

आता संध्याकाळी रेतीत दोन लोटे पाणी टाकलं.