‘उत्तर’ या शब्दाचे दोन अर्थ

आधुनिकतावादाच्या, म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कला-साहित्यातल्या जुन्या चौकटी मोडणाऱ्या प्रवाहाच्या, पुढच्या पर्वाला मराठीत कोणी ‘उत्तरआधुनिक’ म्हणते, कोणी ‘आधुनिकोत्तर’. दोन्हींतल्या ‘उत्तर’चा अर्थ ‘नंतरचे’ असाच घेतला जातो, उत्तरार्धात किंवा उत्तरायुष्यात असतो तसा. मला मात्र त्या शब्दाचा रोजच्या बोलण्यातला अर्थ अधिक उपयोगी वाटतो: कोणी प्रश्न विचारला असता दिलेले उत्तर, प्रसंगी उलट उत्तरही.

कालक्रमाचा हिशेब नाहीतरी जुळत नाहीच. उत्तरआधुनिक शोभावी अशी कृती आधीच झालेली होती: चित्रकार मार्सेल द्युशाँने विकत आणलेले मुतारीचे भांडे ‘आर. मट’ अशी सही करून न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाकडे पाठवले ते १९१७ साली. जॉइसची ‘युलिसिस’ ही कादंबरी आणि एलियटची ‘द वेस्ट लँड’ ही दीर्घ कविता, ही आधुनिकतावादाची शिखरे पुस्तकरूपाने आली ती त्यानंतर पाच वर्षांनी. फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतारच्या ज्या पुस्तकाने उत्तरआधुनिकतेची चर्चा सर्वदूर नेली, ते तर १९७९चे.

प्रश्न कोणता होता? जुन्या चौकटी मोडल्यावर उरलेल्या तुकड्यांना कलेने पुन्हा एखादी अंगभूत शिस्त देता येईल का, हा. जॉइसने डब्लिनमधला एक दिवस होमरच्या महाकाव्याच्या सांगाड्यावर बसवला. संगीतकार शोनबर्गने एका मुख्य स्वराभोवती फिरणारी जुनी स्वरकेंद्री व्यवस्था मोडली खरी, पण पुढे बारा स्वरांच्या क्रमाचा जो नियम घातला तो जुन्याहून कडक होता. आधुनिकतावादी मंडळी बंडखोर म्हणून ओळखली जातात. मला ती नियमांवाचून अस्वस्थ होणारी माणसे वाटतात.

‘शिस्त हवीच कशाला?’ हे या प्रश्नाला मिळालेले उलट उत्तर. ते नुसत्या चेष्टेने दिले गेले, असे मात्र नाही. १९५३ साली तरुण अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गला केवळ खोडून चित्र करता येते का हे पाहायचे होते. स्वतःची रेखाटने खोडून त्याचे समाधान होईना, कारण पुसले जाणारे मुळात निर्विवाद कला असायला हवे होते. म्हणून तो तेव्हाच्या नामवंत चित्रकाराकडे, विलेम द कूनिंगकडे, गेला. द कूनिंगला ही कल्पना रुचली नाही, पण त्याने नकार दिला नाही. उलट, आपल्याला ज्याची उणीव भासेल आणि जे पुसायलाही जड जाईल, असे चित्र मुद्दाम निवडून दिले. राउशेनबर्ग ते कित्येक दिवस, खोडरबरामागून खोडरबर झिजवत, खोडत राहिला. आज दिसतो तो पुसट डागांचा कागद, सोनेरी चौकट आणि चित्रकार जॅस्पर जॉन्सने नेटक्या अक्षरांत लिहिलेली शीर्षकाची ओळ. इतके कष्ट कोणी तुच्छतेपोटी घेत नाही.

संगीतात हाच प्रकार इटालियन संगीतकार लुचानो बेरिओच्या ‘सिन्फोनिया’त ऐकू येतो. १९६८च्या या रचनेच्या तिसऱ्या भागात आधीच्या पिढीतल्या माहलरच्या दुसऱ्या सिंफनीतला स्केर्झो (सिंफनीचा एक चपळ भाग) तळाशी वाहत राहतो. त्यावर देब्युसी, राव्हेल, स्ट्राव्हिन्स्की यांच्या रचनांचे तुकडे येऊन आदळतात, आणि आठ आवाज लेखक सॅम्युएल बेकेटच्या कादंबरीतली वाक्ये कधी बोलतात, कधी कुजबुजतात, कधी ओरडतात. एलियटनेही उसने तुकडे जोडले होते, पण पुस्तक छापताना त्याने शेवटी टिपा दिल्या. बेरिओ तशी सोय करत नाही. हे मी प्रथम ऐकले तेव्हा माहलर ऐकलेला नव्हता, आणि मला नुसता गोंगाट ऐकू आला. प्रश्न ठाऊक नसलेल्याला उत्तर ऐकवल्यावर दुसरे काय होणार? पुढे मूळ स्केर्झो ओळखीचा झाल्यावर तो या गर्दीत कधी बुडतो आणि कधी पुन्हा वर येतो, हे कान आपोआप शोधू लागले. या भागाच्या अगदी शेवटी एक आवाज आभार मानतो, आणि त्यात त्या दिवशी वाद्यवृंदाचे संचालन करणाऱ्याचे नाव घेतो. ते नाव दर प्रयोगाला बदलते.