पाठकोरे

निवडणूक आली की नारायण पेठेतल्या आमच्यासारख्या लहान प्रेसला दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. एक येतं गाडीतून, फोन कानाला लावूनच. त्याला पन्नास हजार पत्रकं हवी असतात आणि खाली 'प्रती ५,०००' असं छापून हवं असतं. दुसरं येतं पायी, खांद्याला कापडी पिशवी लावून. त्याला तीन हजार हवी असतात आणि खालीही 'प्रती ३,०००' असंच हवं असतं.

दुसऱ्या प्रकारचं गिऱ्हाईक माझ्याकडे एकच आहे. पेठेत त्यांना सगळे काका म्हणतात, मीही तेच म्हणतो. नाव लिहीत नाही, आणि चिन्हही सांगणार नाही, कारण २०२४ला पुण्यात ३५ उमेदवार होते आणि चिन्हावरून माणूस लगेच सापडतो. एवढंच सांगतो, की २०१९चं चिन्ह स्वयंपाकघरातलं होतं आणि या वेळचं रस्त्यावरचं.

२००४पासून काकांनी लोकसभेची एकही निवडणूक चुकवलेली नाही, दर वेळी अपक्ष. पहिलं पत्रक माझ्या वडिलांनी छापलं, बाकीची मी. पिंपरीच्या एका कारखान्यात होते तेव्हा शिवाजीनगरहून रोज लोकलने जायचे, आणि उभं राहण्याचं कारणही तीच लोकल. पुणे-लोणावळा तिसरा आणि चौथा मार्ग झाला पाहिजे, हा पहिला मुद्दा. वीस वर्षांत एक शब्द बदललेला नाही. मी एकदा म्हणालो, "काका, मजकूर जरा ताजा करूया." तर म्हणाले, "काम झालं की बदलू."

लोकांना वाटतं, असा माणूस म्हणजे थोडा सटकलेला. मलाही पूर्वी वाटायचं. अनामत रक्कम आधी दहा हजार होती, २०१४च्या निवडणुकीपासून पंचवीस हजार. ती परत मिळायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. म्हणजे काकांचे पाच निवडणुकांचे मिळून ९५ हजार सरकारजमा. या वेळी लोकसभेच्या उमेदवाराची खर्चाची मर्यादा होती ९५ लाख. हा योगायोग त्यांनीच मला दाखवला, अगदी खूश होऊन. "बघ, शंभर भागांतला एक भाग झाला की नाही माझा!"

मधल्या काळात त्यांची एक निवडणूक हुकली, ती सल अजून आहे. पुण्याचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ला गेले आणि पुण्याची जागा रिकामी झाली. काका चारच दिवसांत कागदाचा भाव विचारायला हजर. पोटनिवडणूक काही लागली नाही. डिसेंबरात हायकोर्टाने घ्या म्हणून सांगितलं, जानेवारीत सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. वर्षभराहून जास्त काळ पुण्याला खासदारच नव्हता आणि पेठेत त्याचं वाईट वाटलेला माणूस मी एकच पाहिला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो त्या दिवसाकडे येतो.

अपक्षाचं दुखणं असं, की त्याला चिन्हच उशिरा मिळतं. पक्षाचा उमेदवार तिकीट मिळाल्याच्या रात्री छापायला टाकतो. अपक्षाने अर्जात तीन चिन्हं पसंतीने लिहायची, माघारीची मुदत संपेपर्यंत वाट बघायची, आणि एकाच चिन्हावर दोघातिघांचा डोळा असेल तर चिठ्ठी. माघारीचा दिवस होता सोमवार, २९ एप्रिल. प्रचार ११ मेच्या संध्याकाळी सहाला बंद. म्हणजे वीस लाखांवर मतदार आणि हातात बारा दिवस. माघारीच्या त्या सोमवारी संध्याकाळी रेसकोर्सवर पंतप्रधानांची सभा होती. अर्धं पुणे तिकडच्या ट्रॅफिकबद्दल बोलत होतं, आणि काका कलेक्टर कचेरीतून आमच्या प्रेसमध्ये आले ते पडलेला चेहरा घेऊन. जुनं चिन्ह चिठ्ठीत दुसऱ्याला गेलं होतं.

मी चौकट रिकामी सोडून फाइल तयारच ठेवली होती. नवं चिन्ह बसवलं, काकांना प्रूफ दाखवलं, त्यांनी सही केली. मंगळवारी छपाईची प्लेट आली, मशीनमनमामांनी माल काढला, कापला, शंभराचे तीस गठ्ठे बांधले आणि संध्याकाळच्या गाडीने गावी गेले. काका पाच गठ्ठे घेऊन गेले, पंचवीस आमच्याकडे ठेवले.

बुधवार, १ मे, महाराष्ट्र दिन. प्रेस बंद, मी हिशेब लिहायला अर्धं शटर वर करून बसलो होतो. साडेनऊला काका वाकून आत आले. पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "अरे, मंडईबाहेर एक गजरेवाली बसते बघ. तिने मागच्या वेळी मला मत दिलं होतं."

मी म्हटलं, "वा!"

"वा काय, मला वीस वर्षांत घराबाहेरचा मतदार पहिल्यांदा भेटला. आकडे कागदावर दिसतात. माणूस कधी दिसला नव्हता."

मग पिशवीतून एक पत्रक काढून माझ्यापुढे सरकवलं. "तिनेच सांगितलं. म्हणाली, काका, तोंडाने एक सांगताय आणि कागदावर दुसरंच. हे तर मागच्या वेळचं, मी यालाच तर दिलं होतं."

मी पत्रक बघितलं आणि घशाला कोरड पडली. स्वयंपाकघरातलं चिन्ह. फोटोही पाच वर्षांपूर्वीचा, केस जास्त. प्रूफ बरोबर होतं, प्लेट चुकली होती. कॉम्प्युटरमध्ये काकांच्या नावाच्या फोल्डरमध्ये दोन फाइल होत्या, दोन्हींचं नाव 'फायनल'. प्लेटवाल्याला मेल मीच केली होती. माल निघाल्यावर एक पत्रक उचलून बघायचं एवढंही मी केलं नव्हतं. मजकूर वीस वर्षं तोच, बघायचंय काय, असं धरून चाललो होतो.

आणि ते चिन्ह या वेळी दुसऱ्या उमेदवाराचं. म्हणजे काका सकाळी सातपासून उन्हात उभे राहून, स्वतःच्या पैशाने, भलत्याच माणसाचा प्रचार करत होते.

"किती वाटली?"

त्यांनी उरलेली मोजलेलीच होती. "अठ्ठ्याऐंशी परत आणलीत. चारशे बारा गेली."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते सारखे त्या गजरेवालीकडेच वळत होते.

प्लेटवाल्याला फोन लावला. तो मुलीच्या शाळेत झेंडावंदनाला. गयावया केली तेव्हा अकराला येऊन दुकान उघडलं, साडेअकराला प्लेट हातात. मशीनमनमामा गावी. राहिलो मी. आमच्या मिनी ऑफसेट मशीनला मी सात-आठ वर्षांत हात लावला नव्हता.

मशीनवरचं काम हात विसरत नाहीत म्हणतात. निम्मं खरं आहे. प्लेट बसली, कागद सरळ जायला लागला, पण शाई-पाण्याचं जमेना. चिन्ह म्हणजे भरगच्च काळा ठोकळा आणि खालचा मजकूर बारीक. पाणी वाढवलं की चिन्ह राखाडी, शाई वाढवली की 'लोणावळा'मधला 'ळा' भरून जायचा. पन्नासेक कागद वाया गेल्यावर एक बरा निघाला. काका स्टुलावर बसून प्रत्येक कागद उजेडाकडे धरून बघत होते. डेमी पाव मापाच्या एका कागदावर दोन पत्रकं, म्हणजे दीड हजार छाप. माझे हात कोपरापर्यंत काळे. ठोकळ्याची शाई वरच्या कागदाच्या पाठीला लागू नये म्हणून थोडे थोडे कागद वेगळे वाळत टाकायचे होते. तेवढं काम काकांनी केलं, शर्टाच्या बाह्या दुमडून, कडेला धरून, अगदी पापड वाळत घालावेत तसं.

खरी लढाई त्यानंतर झाली.

मी म्हटलं, "काका, याचे पैसे नाहीत. चूक माझी."

"म्हणजे तू मला वस्तुरूपाने देणगी देणार. तिची बाजारभावाने किंमत मला रजिस्टरात दाखवावी लागेल."

"देणगी कसली? भरपाई आहे ती."

"हे मला माहीत, तुला माहीत. निरीक्षकापुढे कागद बोलतो."

त्यांनी पिशवीतून ते रजिस्टर काढलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: उमेदवाराला निवडणूक कार्यालयातून खर्चाची वही मिळते. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोख, पिवळ्या पानांवर बँक. प्रचाराच्या काळात खर्च निरीक्षक ती तीनदा तपासतात आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षं निवडणूक बंद होऊ शकते. काकांना हरण्याची भीती नाही. ही तीन वर्षं मध्ये आडवी येण्याची आहे.

अर्धा तास आम्ही भांडलो. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. पहिल्या बिलातली २,५८८ पत्रकं 'सदोष माल परत'. वाटलेली ४१२, ऐंशी पैशांनी, तीनशे एकोणतीस रुपये साठ पैसे. नव्या ३,०००चे २,४००.

"चुकीच्या पत्रकाचे पैसे कशाला देताय?"

"वाटली ना मी? मग खर्च झाला."

मग घोषणापत्र. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा, आणि छापून घेणाऱ्याने दोन प्रतींत घोषणापत्र द्यायला हवं, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्यांनिशी. त्यातली एक प्रत छापील पत्रकासोबत आम्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची. नाही पाठवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दंड, नाहीतर दोन्ही. गाडीतून येणारी गिऱ्हाइकं हा कागद मला कोरा सही करून देतात, "तुम्हीच भरून घ्या" म्हणून. काकांनी सुटीच्या दिवशी कोपऱ्यावरचा चहावाला आणि शेजारचा वह्यांचा दुकानदार गाठून आणले. सह्या झाल्या. चहाचे पैसे काकांनी दिले आणि पांढऱ्या पानावर लिहिले.

जाताना नव्या पत्रकांचा एकच गठ्ठा उचलला. म्हणाले, सकाळी जिथे जिथे उभा होतो तिथेच परत उभा राहतो, त्यातले जितके भेटतील तितके.

मतदान १३ मेला झालं. ३५ उमेदवार आणि 'नोटा' (यांपैकी कोणी नाही) म्हणजे प्रत्येक केंद्रावर तीन मतदान यंत्रं. यादीत अपक्ष शेवटी येतात, काका दुसऱ्या यंत्रावर होते. मी त्यांनाच मत दिलं का, ते सांगत नाही. प्रेसवाल्याने सांगूही नये. टक्का साडेत्रेपन्नच्या आसपास राहिला. ४ जूनला मुरलीधर मोहोळ १,२३,०३८ मतांनी निवडून आले. पहिले दोघे सोडले तर बाकी ३३ जणांची अनामत गेली. काकांची मतं चार आकड्यांपर्यंत पोचली नाहीत.

महिना संपायच्या आत ते बिलावर शिक्का मारून घ्यायला आले. तोवर ती परत आलेली पत्रकं मी मधोमध कापून, गम लावून, पॅड करून टाकली होती. पाठ कोरी, कागद चांगला. हिशेबाला, निरोपाला उपयोगी पडतात. कापताना काकांचा चेहरा एका तुकड्यावर आणि तिसरा-चौथा मार्ग दुसऱ्यावर गेला होता. त्यांनी टेबलावरचं एक पॅड उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे विकतोस का?"

"घ्या हो. देणगी नाही, रद्दी आहे."

तेवढ्यावर हसले. पहिल्या पाठकोऱ्यावर माझ्याच पेनने कामं लिहायला घेतली: हिशेब जमा करणे, पोच घेणे, बँकेत जाऊन निवडणुकीचं खातं बंद करणे.

मी म्हटलं, "खातं राहू द्या की. २०२९ला उघडायचा त्रास वाचेल."

"जुनं चालत नाही," ते लिहिता लिहिता म्हणाले, "दर वेळी नवं लागतं."