रीस्टार्टच्या आधीची पाच मिनिटं

साइट बंद पडली की ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला: "सर्व्हर रीस्टार्ट करून बघ ना." लगेच करू नका. साइट वर येईल, पण मेमरी कोणी खाल्ली, कुठली क्वेरी अडकली होती, कुठली फाइल उघडी होती, हे सगळं पुसलं जाईल आणि तेच दुखणं रात्री दोनला परत उठेल.

एसएसएच (दुरून सर्व्हरमध्ये शिरायची सोय) लागतच नसेल तर एरर नीट वाचा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे बहुतेक वेळा मशीनपर्यंत पोचलात, पण 22 नंबरच्या पोर्टवर, म्हणजे एसएसएचच्या दारावर, कोणी ऐकत नाहीये. 'टाइम्ड आउट' आला तर आधी सिक्युरिटी ग्रुप (क्लाउडमधली, कुठल्या आयपी पत्त्याला आत घ्यायचं त्याची यादी) बघा. तिथे हिंजवडीच्या ऑफिसचाच आयपी असतो आणि तुम्ही कोथरूडच्या घरून, रोज आयपी बदलणाऱ्या ब्रॉडबँडवरून प्रयत्न करत असता.

आत शिरल्याबरोबर टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी काम सर्व्हरवर चालू ठेवणारा प्रोग्रॅम) चालू करा. गुरुवारी महावितरणने दुरुस्तीसाठी लाइट घालवली, राउटर बंद पडला, की साध्या शेलमधलं मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) मध्येच मरू शकतं. टीमक्समध्ये ते चालू राहतं. पुन्हा लॉगिन करून 'टीमक्स अटॅच' म्हटलं की झालं.

मग एरर कोड. एन्जिनएक्स (पुढे उभा राहून विनंत्या मागे पोचवणारा वेब सर्व्हर) 502 देत असेल तर मागचं अ‍ॅप बहुधा मेलेलं आहे किंवा मध्येच कनेक्शन तोडतंय. 504 असेल तर बहुधा अ‍ॅप जिवंत आहे, पण वेळेत उत्तर देत नाहीये (डीफॉल्ट मर्यादा 60 सेकंदांची), म्हणून डेटाबेसकडे बघा. अ‍ॅप मेलं असेल आणि एक्झिट कोड 137 असेल, तर त्याला सिग्नल 9, म्हणजे जबरदस्तीने मारायचा हुकूम, मिळालाय. मेमरी संपली म्हणून कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) मारलं का, ते बघायला कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या 'डीमेसेज' मध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा. पण मारली गेलेली प्रोसेस गुन्हेगार असेलच असं नाही. कर्नल साधारणपणे सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्याला मारतो. फुगलेला असतो रिपोर्ट काढणारा वर्कर, आणि जातो डेटाबेस.

सगळ्यात जास्त चकवते ती डिस्क. डिस्क किती भरली ते दाखवणारं 'डीएफ -एच' सांगतं 40 जीबी पूर्ण भरली, फाइलींचे आकार मोजणाऱ्या 'डीयू' ने बेरीज केली तर 12 जीबीच. बाकीची जागा गेली कुठे? कोणीतरी मोठी लॉग फाइल (प्रोग्रॅमच्या नोंदींची फाइल) 'आरएम' या डिलीटच्या कमांडने उडवलेली असते, पण अ‍ॅपने ती अजून उघडी धरलेली असते. नाव गेलं तरी ती उघडी धरणारा शेवटचा हँडल बंद होईपर्यंत लिनक्स जागा सोडत नाही. 'सुडो एलसॉफ +एल1' चालवा, अशा फाइली प्रोसेस आयडीसकट दिसतात. '/प्रॉक' खाली त्या प्रोसेसच्या 'एफडी' फोल्डरमधून ती रिकामी करता येते, प्रोसेस न थांबवता. म्हणून चालू लॉग कधी उडवायची नाही, 'ट्रंकेट' करायची, म्हणजे फाइल ठेवून आतला मजकूर रिकामा करायचा. जुन्या लॉग ठरावीक काळाने बाजूला काढणाऱ्या लॉगरोटेटमध्येही एकतर रोटेशननंतर अ‍ॅपला फाइल पुन्हा उघडायला लावा (एन्जिनएक्सला त्यासाठी यूएसआर1 सिग्नल असतो), नाहीतर 'कॉपीट्रंकेट' (आधी कॉपी, मग मूळ फाइल रिकामी) लावा. त्यात मधल्या क्षणातल्या चार-दोन ओळी हरवू शकतात, तेवढं मान्य करावं लागतं.

आणि 'नो स्पेस लेफ्ट' येतंय पण डिस्क निम्मी मोकळी आहे, असं झालं तर 'डीएफ -आय' बघा. लाखो चिमुकल्या सेशन फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलीला एक लागणारी, मोजकीच असलेली नोंद) संपवलेले असतात.

लॉग वाचताना घड्याळ सांभाळा. सर्व्हर बहुतेक यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, असतो. पुण्यातल्या ग्राहकाने संध्याकाळी साडेसातची तक्रार केली तर लॉगमध्ये 14:00 च्या आसपास शोधायचं.

हे झालं की 'पीएस' (चालू प्रोसेसची यादी), 'एसएस' (चालू नेटवर्क कनेक्शनं) आणि जर्नलचं (सिस्टीमच्या लॉगचं) आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि आपल्या लॅपटॉपवर उतरवा. '/टेम्प' मध्ये ठेवू नका, ते बऱ्याच मशीनवर रीबूटला साफ होतं. '/व्हार/लॉग/जर्नल' हे फोल्डर नसेल तर जर्नलही सहसा मेमरीतच असतं, तेही जातं. फाइल उतरली, उघडून बघितली, की मग खुशाल रीस्टार्ट करा.