ठोके ताब्यात, पण अंगात त्राण नाही

बीटा ब्लॉकर (अ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम अडवून हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी) सुरू झाला की धडधड थांबते, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत वेगळीच तक्रार सुरू होते. जिना चढताना पाय शिशाचे होतात, दुपारी बसल्या जागी डोळे मिटतात, सकाळी उठतानाच दमल्यासारखं वाटतं. डॉक्टरांना मात्र सांगितलं जातं एवढंच, की ‘थकवा येतो’. एवढ्यावरून त्यांनाही फारसं काही करता येत नाही. थकव्याचे प्रकार वेगळे असतात आणि प्रत्येकावरचा उपायही वेगळा. त्यामुळे आपला थकवा नेमका कोणता, हे आधी शोधायचं. गोळी बदलण्याचा विचार त्यानंतर.

एक गोष्ट सुरुवातीलाच: कंटाळून गोळी एकदम बंद करू नका. बीटा ब्लॉकर चालू असताना शरीर अ‍ॅड्रेनॅलिनबाबत जास्त संवेदनशील झालेलं असतं. गोळी अचानक तुटली की ठोके उसळतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे असतील तर छातीत दुखण्यापासून हार्ट अटॅकपर्यंत काहीही होऊ शकतं. डोस उतरवायचा तर साधारण एक ते दोन आठवड्यांत, पायरीपायरीने आणि डॉक्टरांना विचारूनच.

आता थकव्याकडे. हृदय एका मिनिटात किती रक्त पुढे ढकलतं हे दोन गोष्टींवर ठरतं: ठोके किती पडतात आणि दर ठोक्याला किती रक्त बाहेर पडतं. जिना चढताना ज्याचे ठोके १२५ पर्यंत जायला हवेत, त्याचे गोळीमुळे ९५ वरच अडले, तर स्नायूंना लागेल तेवढं रक्त पोचत नाही. हा श्रमाचा थकवा. बसल्यावर माणूस ठीक असतो, चढावर किंवा घाईत गळून जातो.

दुसरा प्रकार रक्तदाबाचा. उठून उभं राहिल्यावर डोकं हलकं होतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, गोळी घेतल्यानंतरच्या काही तासांत जास्त. तिसरा झोपेचा. बीटा ब्लॉकरमुळे रात्री तयार होणारं मेलाटोनिन कमी होतं. प्रोप्रानोलॉल आणि मेटोप्रोलॉल चरबीत विरघळणारे असल्याने मेंदूत सहज पोचतात. काहींना त्यामुळे भडक, विचित्र स्वप्नं पडतात आणि झोप तुटत राहते. चौथा प्रकार महिनोन्‌महिने हळूहळू वाढणारा: थंडी सोसत नाही, वजन वाढतं, बद्धकोष्ठता होते, त्वचा कोरडी पडते. लय सुधारण्यासाठीचं अमिओडॅरोन हे औषध चालू असेल तर अशा वेळी पहिला संशय थायरॉइडवर घ्यायचा. या औषधाच्या वजनाचा जवळजवळ ३७ टक्के भाग आयोडीन असतो आणि त्यामुळे थायरॉइड मंद होऊ शकतो किंवा उलट भडकूही शकतो. म्हणूनच अमिओडॅरोनवर असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि यकृताच्या तपासण्या करायच्या असतात. त्या चुकवल्या जातात, आणि मग वर्षभर दोष वयाला दिला जातो.

पाचवी शक्यता अनेकांच्या लक्षातच येत नाही: थकवा औषधाचा नसून लय बिघडल्याचाच असतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरचे कप्पे नुसते थरथरत राहतात आणि खालच्या कप्प्यांत शेवटचा रक्ताचा धक्का पोचत नाही. धडधड जाणवत नाही म्हणून लय सुधारली असं समजू नका; गोळीने फक्त वेग कमी केलेला असू शकतो. एक ईसीजी काढला की हे कळतं. त्याच फेरीत हिमोग्लोबिन, टीएसएच, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि बी-१२ पाहून घ्यावं. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणीही हवी, कारण तो थकवाही आणतो आणि लयही बिघडवतो.

हे ओळखण्यासाठी दोन आठवड्यांची वही पुरते. गोळी घेतल्याची वेळ लिहा. सकाळी गोळीपूर्वी, गोळीनंतर दोन-तीन तासांनी आणि झोपताना नाडी मोजा. लय अनियमित असेल तर १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, पूर्ण ६० सेकंद मोजा. फिब्रिलेशनमध्ये काही ठोके इतके दुबळे असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत. त्यामुळे मनगटावर, बोटाच्या ऑक्सिमीटरवर किंवा घड्याळात दिसणारा आकडा खऱ्यापेक्षा कमी असू शकतो. रक्तदाब आधी पाच मिनिटं बसून घ्या, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर थकव्याचं कारण तिथे सापडण्याची शक्यता मोठी. फिब्रिलेशनमध्ये यंत्राचा एकच आकडा धरू नका, तीनदा मोजून सरासरी घ्या. नेहमीचा एक जिना ठरवून तो चढल्याबरोबर नाडी मोजा आणि थकव्याला शून्य ते दहापैकी गुण द्या. ‘जिना चढल्यावर ठोके ८८, थकवा ८’ या एका ओळीवरून डॉक्टर जे ठरवू शकतात, ते नुसत्या ‘थकवा येतो’ वरून कधीच ठरवता येत नाही.

सुरुवातीचा थकवा बऱ्याच जणांत काही आठवड्यांत कमी होतो, हेही लक्षात ठेवायला हवं. सहा आठवडे झाले आणि फरक नाही, तर मात्र निमूट सोसण्यात अर्थ नाही.

पहिला प्रश्न डोसचा. कायमच्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठोके किती खाली आणावेत, याचं उत्तर २०१० साली नेदरलँड्समध्ये झालेल्या ‘रेस-२’ अभ्यासाने बदललं. ६१४ रुग्णांपैकी काहींचे विश्रांतीतले ठोके ८० च्या खाली ठेवले आणि इतरांचे फक्त ११० च्या खाली. तीन वर्षांत सैल नियंत्रणाच्या गटाचे हाल जास्त झाले नाहीत. म्हणजे विश्रांतीत ५६ ठोके आणि अंगात जीव नाही, अशा माणसाने ‘डोस कमी करून पाहता येईल का?’ हे विचारायलाच हवं. यात एक मोठा अपवाद आहे: हृदयाची पंपिंगची ताकद कमी असेल, तर बीटा ब्लॉकर नुसत्या ठोक्यांसाठी नसतो, हृदय सावरण्यासाठी असतो. तिथे डोस कमी करण्याचा हिशोब वेगळा आणि अधिक सावध.

डोस मुळात योग्यच असतो, पण रक्तात औषध जास्त साचतं, असंही होतं. मेटोप्रोलॉल यकृतातल्या सीवायपी-२डी६ या एन्झाइमने मोडला जातो. काही माणसांत हे एन्झाइम जन्मतःच मंद असतं, त्यामुळे त्याच गोळीचं रक्तातलं प्रमाण त्यांच्यात कित्येक पट चढतं. नैराश्यावरच्या पॅरोक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन किंवा ब्युप्रोपियॉन आणि बुरशीवरच्या टर्बिनाफिन या औषधांनी हे एन्झाइम अडतं. नवी गोळी सुरू झाली आणि पंधरवड्यात थकवा वाढला, तर दोन्हींचा संबंध तपासा. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब घालणाऱ्यांनी तर हे नक्की वाचावं: टिमोलॉल हाही बीटा ब्लॉकरच आहे आणि डोळ्यातून नाकात उतरून तो रक्तात मिसळतो. डोळ्यांचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे, आणि दोघांच्या चिठ्ठ्या एकमेकांना दिसत नाहीत. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरला, तर रक्तात जाणारं औषध बरंच कमी होतं.

वेळ बदलणं हा सर्वांत साधा बदल. दिवसा सुस्ती असेल, तर एकदाच घ्यायची गोळी रात्री घेता येते. स्वप्नं त्रास देत असतील, तर उलट सकाळी. मेटोप्रोलॉल टार्ट्रेट लवकर चढतो आणि लवकर उतरतो, म्हणून दिवसातून दोनदा घ्यावा लागतो. सक्सिनेट हळूहळू सुटतो. टार्ट्रेटनंतर तास-दोन तासांनी गळून जाणाऱ्याला सक्सिनेट मानवू शकतो. सक्सिनेटची गोळी रेघेवर अर्धी करता येते, पण चावून किंवा कुटून घेतली की दिवसभराचं औषध एकदम सुटतं.

झोप बिघडत असेल तर अ‍ॅटेनोलॉलसारखा पाण्यात विरघळणारा बीटा ब्लॉकर विचारात घेता येतो. तो मेंदूत कमी जातो, पण किडनीवाटे बाहेर पडत असल्याने किडनी कमजोर असेल तर साचतो. श्रमाचा थकवा असेल, तर एका बीटा ब्लॉकरवरून दुसऱ्यावर जाण्यापेक्षा गट बदलणं माझ्या मते जास्त उपयोगी. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल ठोके कमी करतात, पण अ‍ॅड्रेनॅलिनची वाट अडवत नाहीत, त्यामुळे चालण्याफिरण्याची ताकद अनेकांत जास्त टिकते. पहिल्याने पायांना सूज येऊ शकते, दुसऱ्याने बद्धकोष्ठता. पंपिंग कमी असलेल्यांना दोन्ही वर्ज्य, आणि बीटा ब्लॉकरच्या जोडीने घेतल्यास ठोके धोकादायक खाली जाऊ शकतात. डिगॉक्सिन बसलेल्या माणसाचे ठोके आवरतो, चालू लागलेल्याचे फारसे नाही. त्याचा डोस जास्त झाला तर मळमळ, भूक मरणं, सगळं पिवळसर दिसणं आणि गळून जाणं दिसतं. किडनी मंद किंवा पोटॅशियम कमी असेल तर ते लवकर. हृदयाची नैसर्गिक (सायनस) लयच विनाकारण वेगात धावत असेल, तर इव्हॅब्रॅडिनचा विचार होतो. फिब्रिलेशनमध्ये मात्र त्याचा उपयोग नाही.

ज्यांना फिब्रिलेशनचा झटका वर्षातून दोन-चारदाच येतो, त्यांनी रोज गोळी घ्यायलाच हवी असं नाही. झटका आल्यावरच फ्लेकेनाइड किंवा प्रोपाफेनोन एकदा घ्यायचं, अशीही पद्धत आहे. नेहमीचा डोस वजन ७० किलोहून कमी असल्यास फ्लेकेनाइड २०० मिलिग्रॅम किंवा प्रोपाफेनोन ४५० मिलिग्रॅम. त्याहून जास्त असल्यास ३०० किंवा ६००. पहिला डोस देखरेखीखाली घ्यायचा, कारण फिब्रिलेशनचं फ्लटर (वरच्या कप्प्यांची नियमित पण अतिवेगवान लय) होऊन खालच्या कप्प्यांचे ठोके आणखी वाढू शकतात. म्हणूनच अर्धा तास आधी ठोके आवरणारी गोळी देतात. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना किंवा हृदय कमजोर असलेल्यांना ही दोन्ही औषधं देत नाहीत. १९८९ साली ‘कास्ट’ अभ्यासात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांमध्ये फ्लेकेनाइड आणि एन्केनाइडने मृत्यू वाढलेले दिसले, तेव्हापासूनचा हा नियम.

एसव्हीटीचे (एकदम सुरू होणाऱ्या, वेगवान पण नियमित ठोक्यांचे) झटके कधीमधी येत असतील, तर औषधाआधी एक युक्ती शिकून घेण्यासारखी आहे. अर्धवट बसून १० मिलिलिटरच्या रिकाम्या सिरिंजमध्ये दट्ट्या हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचं, लगेच आडवं व्हायचं आणि दुसऱ्याने पाय ४५ अंशांत १५ सेकंद वर धरायचे. २०१५ च्या ‘रिव्हर्ट’ अभ्यासात या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांची लय जागेवर आली, नुसत्या फुंकण्याने १७ टक्के.

पण एसव्हीटीसाठी वर्षानुवर्षं थकवा सोसायचा, हे मला पटत नाही. नेहमीच्या प्रकारात अ‍ॅब्लेशनचं (शिरेतून नळी घालून लय बिघडवणारी जागा निकामी करण्याचं) यश ९५ टक्क्यांच्या आसपास आहे आणि बहुतेकांची गोळी सुटते. विजेचा मुख्य मार्ग दुखावून पेसमेकर लागण्याची शक्यता शंभरात एक किंवा त्याहून कमी. फिब्रिलेशनचं गणित इतकं सोपं नाही. तिथे फुफ्फुसांतून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उष्णतेने, गारठवून किंवा विजेच्या स्पंदांनी वण करतात. झटके येऊन-जाऊन असतील तेव्हा यश जास्त, कायमची लय बिघडल्यावर कमी, आणि काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं. हृदयाभोवती रक्त साचणं, पक्षाघात असे गंभीर धोके कमी असले तरी आहेत, ते आधी नीट विचारून घ्या. पहिल्या दोन-तीन महिन्यांत वण भरताना लय अधूनमधून बिघडते. त्यावरून उपाय फसला असं ठरवत नाहीत.

गोळी चालू असताना व्यायाम थांबवू नका, फक्त मोजमाप बदला. वयावरून काढलेले ठोक्यांचे आकडे बीटा ब्लॉकरवर लागू होत नाहीत. त्यांच्यामागे लागलं की माणूस मोडतो. चालताना पूर्ण वाक्य बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढा वेग ठेवा. सुरुवातीला दहा मिनिटं सावकाश चाला, कारण औषधाखालचं हृदय वेग पकडायला वेळ घेतं. थांबतानाही एकदम थांबू नका. वजन जास्त असेल आणि दारू चालू असेल, तर दोन्ही कमी केल्याने फिब्रिलेशनचे झटके खरोखर कमी होतात आणि मग डोस उतरवण्याची बोलणी सोपी होतात.

एका वेळी एकच बदल करा आणि किमान दोन आठवडे वही चालू ठेवा. डोस कमी केल्यावर २४ तासांचा होल्टर (अंगावर बाळगायचा ईसीजी) लावला, तर झोपेत आणि श्रमात ठोके कसे वागतात ते कळतं. ठोके ५० च्या खाली जाऊन चक्कर येत असेल, शुद्ध हरपली असेल, छातीत दुखत असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल, तर वहीत लिहीत बसू नका, तातडीने दवाखाना गाठा. आणि लय सुधारली, अ‍ॅब्लेशन झालं, ठोक्यांची गोळी सुटली, तरी फिब्रिलेशनमध्ये गुठळी होऊ नये म्हणून दिलेली रक्त पातळ करणारी गोळी तिच्याबरोबर सुटत नाही. ती चालू ठेवायची की नाही, हे वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवरून ठरतं.